कोड्याचे मोल आणि बक्षिसाची किंमत

मधल्या सुट्टीची घंटा होते, शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले जातात, आणि डब्यांच्या मधोमध वर्तमानपत्राची पुरवणी शब्दकोड्याची बाजू वर करून ठेवली जाते. कोणीतरी मोठ्याने वाचतो, "आडवा सात. तीन अक्षरी. तांदूळ धुण्याची बांबूची टोपली." गणिताचे शिक्षक छताकडे पाहू लागतात. संस्कृतचे शिक्षक दोन भारदस्त शब्द सुचवतात. दोन्ही चौकोनांत बसत नाहीत. उत्तर येते ते हजेरीची वही घेऊन दाराशी उभ्या असलेल्या शिपाईबाईंकडून : "रोवळी की हो!" हशा पिकतो, तीन चौकोन भरतात आणि उभा आठ सुटण्याची वाट मोकळी होते.

हे दृश्य सरकारी कचेरीत, लोकलच्या ठरलेल्या डब्यात किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या पायरीवर घडले तरी त्याचे स्वरूप बदलत नाही. ते इतके परिचयाचे आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः शब्दकोड्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे. मित्रमंडळीत वाटून घेतलेले कोडे माणसांना जवळ आणते आणि भाषाही संपन्न करते. त्याच कोड्यावर पैशाचे बक्षीस लावले की माणसे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. इतकेच नव्हे, तर खुद्द कोडेच बिघडते. हे का घडते, याचा उलगडा नीतिशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक स्पष्टपणे सापडतो.

गोष्ठीतला खेळ

कोडे घालणे हा आपल्याकडे एकट्याचा उद्योग कधीच नव्हता. वात्स्यायनाने 'कामसूत्रा'त ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत प्रहेलिका म्हणजे कोडी, प्रतिमाला म्हणजे आजच्या भेंड्या आणि काव्यसमस्यापूरण या तिन्हींचा समावेश आहे. नागरकाने या कला शिकायच्या त्या चारचौघांत बसण्यासाठी. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आणि त्यांचे उपयोगही नोंदवले : गोष्ठीतील विनोद, गर्दीत जाणत्यांनी आपसांत करायचे बोलणे आणि इतरांना बुचकळ्यात टाकणे. या तिन्ही उपयोगांना दुसरा माणूस लागतो. कोडे एकट्याला घालता येत नाही, हे त्या जुन्या शास्त्रकाराने गृहीतच धरले आहे.

मराठीत ही परंपरा पंडितांपुरती राहिली नाही. ओष्ठ्य वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचणारे मोरोपंत एका टोकाला, तर जात्यावर आणि ओसरीवर घातली जाणारी कोडी दुसऱ्या टोकाला. आज 'उखाणा' म्हटले की नवऱ्याचे नाव घेण्याचा प्रसंग आठवतो. पण जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडेच. कोकणात त्याला हुमाण म्हणतात. नाव उघड न घेता सूचित करायचे आणि ऐकणाऱ्याने ते ओळखायचे, ही दोघांतली देवघेव नाव घेण्याच्या रिवाजातही टिकून राहिली.

चौकोनात बसलेली बाराखडी

आजचे चौकोनी शब्दकोडे मात्र परदेशी आहे. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या पुरवणीत आर्थर विन यांनी ते प्रथम छापले. १९२४ साली अमेरिकेत शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि त्या देशाला अक्षरशः वेड लागले. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या छंदाला पापमय कालापव्यय ठरवून झोडपले; पुढे १९४२ साली त्याच पत्राने आपल्या रविवारच्या अंकात शब्दकोडे सुरू केले. टीकाकाराने आपल्याच टीकेवर पाणी सोडल्याचे असे उदाहरण विरळा.

हा खेळ मराठीत आणणे म्हणजे केवळ भाषांतर नव्हते. इंग्रजीत चौकोनाचा हिशेब सव्वीस अक्षरांत संपतो. मराठीत एका चौकोनात मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर बसते. चौतीस व्यंजने आणि बाराखडी एवढेच धरले तरी ही संख्या चारशेच्या वर जाते, जोडाक्षरे निराळीच. 'महाराष्ट्र' हा शब्द चार चौकोनांत बसतो खरा, पण शेवटच्या 'ष्ट्र'मधून खाली दुसरा शब्द न्यायचा तर रचनाकाराची कसोटी लागते. 'राष्ट्रीय' चालत नाही, कारण तिथे 'ष्ट्र'चा 'ष्ट्री' होतो. मग तो चौकोन उभ्या शब्दाचाही शेवट करायचा आणि 'सौराष्ट्र' किंवा 'उष्ट्र' अशा मोजक्या शब्दांकडे धाव घ्यायची, किंवा काळा चौकोन टाकून मोकळे व्हायचे. मराठी कोड्यात काळे चौकोन अधिक दिसतात ते रचनाकाराच्या आळसामुळे नव्हे. ती आपल्या लिपीची अडचण आहे, आणि त्या अडचणीतून वाट काढण्यातच त्याचे कौशल्य आहे.

विखुरलेले ज्ञान

असे कोडे एकट्याला सहसा पुरते सुटत नाही, याचे कारण भाषेच्या स्वभावात आहे. मराठीचा शब्दसाठा कोणा एका माणसाच्या डोक्यात नसतो. पाभर, कुळव, शिवळ हे शब्द शेतावर वाढलेल्याला ठाऊक. रोवळी, शिंके, वेळणी हे स्वयंपाकघरात वावरलेलीला. फेरफार आणि आणेवारी तलाठी कचेरीतल्या कारकुनाला. सांधा बदलणे हा शब्दप्रयोग रेल्वेतल्या माणसाला. विद्यापीठाची पदवी या सर्वांची गोळाबेरीज करून देत नाही.

फ्रीड्रिख हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली एका प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, समाजाला उपयुक्त असलेले ज्ञान कोणा एकाच्या हाती एकवटलेले नसते. ते असंख्य माणसांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते आणि ते तुकडे कामी कसे लावायचे हाच खरा आर्थिक प्रश्न आहे. हायेकने त्याचे उत्तर बाजारातील किमतींत शोधले. शिक्षकांच्या खोलीतील टेबलावर तेच काम किमतीविना होते. तिथे शब्द विकत मिळत नाही. तो सांगणाऱ्याला मिळते ती चारचौघांची दाद. ज्याच्याकडे चहा मागण्यापलीकडे कोणी बोलत नाही, अशा माणसाच्या एका शब्दावर मुख्याध्यापकांची अडलेली ओळ सुटते. त्या पाच मिनिटांत हुद्द्याची उतरंड जरा सैल होते, हा लाभ कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. पण तो लाभ नाही असे म्हणता येणार नाही.

शब्दावरून वाद झाला तर मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' कपाटातून बाहेर निघतो. एरवी वर्षभर ज्या ग्रंथांवर धूळ बसते, ते या निमित्ताने हाताळले जातात. मराठीच्या संवर्धनाच्या नावाने होणाऱ्या भाषणांपैकी किती भाषणांनी कोणाला कोश उघडायला लावले असेल, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

कोड्याचे आणखी एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात घेण्याजोगे आहे. भाकरी वाटली तर प्रत्येकाचा वाटा घटतो. कोड्यातला प्रश्न वाटल्याने कोणाचाच वाटा घटत नाही, उलट तो सुटण्याची शक्यता वाढते. पण उत्तर वाटले की तो माल तिथेच संपतो. म्हणून कोडे सोडवणाऱ्या प्रत्येक मंडळीत एक अलिखित शिस्त असते : सूचना द्यायची, उत्तर सांगून टाकायचे नाही. "पहिले अक्षर सांगा, पुढचे नको," असे म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या आनंदाचा वाटा राखून ठेवत असतो.

बक्षीस आले आणि प्रश्न बिघडला

या व्यवस्थेत पैसा शिरला की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १९४० आणि १९५० च्या दशकांत प्रवेशशुल्क घेऊन चालवल्या जाणाऱ्या शब्दकोड्यांच्या स्पर्धांचा मोठा धंदा देशात उभा राहिला होता. या धंद्याचे गणित समजून घेतले पाहिजे.

मित्राला कोडे घालणाऱ्याची इच्छा अशी असते की, थोडे झगडल्यावर ते त्याला सुटावे. शुल्क घेऊन स्पर्धा चालवणाऱ्याचे हित नेमके उलटे असते. उत्तर एकच आणि नि:संशय असेल, तर ते हजारोंना येईल आणि बक्षिसाचे तुकडे होऊन त्याचे आकर्षण संपेल. तेव्हा प्रश्न असा हवा की, तो सर्वांना सुटल्यासारखा वाटावा, पण बहुतेकांचा चुकावा. उदाहरणार्थ, 'मा' हे अक्षर दिले आहे आणि पुढचे भरायचे आहे. "दुकानदाराचे हे खोटे असले तर गिऱ्हाईक नाडले जाते" अशी सूचना असेल तर उत्तर 'माप'. त्यात वाद नाही. पण "हा मिळाला की माणूस सुखावतो" अशी सूचना दिली तर 'मान' म्हणावे की 'माल'? दोन्ही बरोबर आहेत. खरे उत्तर कोणते, ते चालकाच्या कपाटातील मोहोरबंद पाकीट ठरवणार.

अशा दुहेरी जागा एका कोड्यात दहा असल्या तर संभाव्य उत्तरपत्रिका होतात १,०२४. बारा असल्या तर ४,०९६. प्रत्येक पत्रिकेला वेगळे शुल्क. ज्याला नशिबाची खात्री वाटत नाही तो एकाऐवजी दहा पत्रिका भरतो, आणि दहा भरणाऱ्याला वीस भरण्याचा मोह होतो. येथे शब्दज्ञान उपयोगी पडत नाही. खिसा उपयोगी पडतो. कोशात पाहून उपयोग नाही, मित्राला विचारून उपयोग नाही. उलट मित्राला विचारणे म्हणजे बक्षिसात भागीदार निर्माण करणे. गोष्ठी मोडली आणि प्रश्नही नासला, तो अशा रीतीने.

शासनाला याची दखल घ्यावी लागली. मुंबई प्रांताने १९४८ साली लॉटऱ्यांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला आणि १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या स्पर्धेला मुंबई राज्यात मोठा प्रतिसाद होता. तिच्या चालकांनी न्यायालयात धाव घेतली. मधल्या काळात, १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा संमत केला. त्याच्या व्याख्येत शब्दकोड्यांच्या स्पर्धेचा नाव घेऊन उल्लेख आहे. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना त्याने मनाई केली आणि कोणत्याही स्पर्धेतील प्रवेशपत्रिकांची संख्या २,००० पर्यंत मर्यादित केली. वर दिलेले गणित कायदा करणाऱ्यांनाही उमगले होते, हे या आकड्यांवरून दिसते.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या बाजूने निर्णय दिला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी ऋग्वेद आणि महाभारतापासून दाखले देत असे स्पष्ट केले की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. स्पर्धेला जुगाराचा कलंक टाळायचा असेल तर तिचे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असले पाहिजे. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निर्णयात, १९५५ चा कायदा कौशल्याच्या स्पर्धांना लागू होत नाही असे न्यायालयाने म्हटले. मराठी माणसाच्या चहाच्या टेबलावरील एक निरुपद्रवी खेळ देशातील जुगारविषयक कायद्याचा पाया ठरलेल्या खटल्याचा विषय झाला तो असा.

कौशल्य आणि नशीब यांच्यातील ही सीमारेषा पुढे अनेक दशके वादाचा विषय राहिली. मोबाईलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांचे चालक "हा कौशल्याचा खेळ आहे" हीच ढाल पुढे करत आले. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मनाई करताना कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. या तोडग्याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने मूळ प्रश्न सत्तर वर्षांत बदललेला नाही : खेळ चालवणाऱ्याचे उत्पन्न खेळणाऱ्याच्या हरण्यावर अवलंबून असेल, तर त्या खेळातील कौशल्य टिकू शकते काय?

एक उलटे उदाहरण

याच मोबाईलने उलटे उदाहरणही दाखवले. जॉश वर्डल या अभियंत्याने आपल्या सहचारिणीला शब्दखेळांची आवड म्हणून एक लहानसे कोडे रचले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. दिवसाला एकच कोडे. जगभर सर्वांना तेच. शुल्क नाही, बक्षीस नाही, जाहिरात नाही. १ नोव्हेंबरला ते खेळणारे ९० जण होते. २ जानेवारी २०२२ ला ही संख्या तीन लाखांवर गेली. या प्रसाराचे एक मोठे कारण म्हणजे रंगीत चौकोनांची एक जाळी. तिच्यावरून तुम्ही कोडे कसे सोडवले हे मित्रांना दाखवता येते, पण उत्तर फुटत नाही. शिक्षकांच्या खोलीतील जुनीच शिस्त त्या जाळीत उतरली होती. त्याच जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते कोडे विकत घेतले. वेळेचा अपव्यय म्हणून कोड्यांना नाक मुरडणाऱ्या पत्राला शतक उलटण्यापूर्वी त्यांच्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागली.

यावर आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, बक्षिसाशिवाय लोकांचा उत्साह टिकत नाही. प्रवेशशुल्क न घेता दिलेल्या लहानशा बक्षिसाने काही बिघडत नाही, हे मान्य करायला हरकत नाही. अपाय आहे तो हरणाऱ्यांच्या पैशांतून जिंकणाऱ्याला देण्यात. शिवाय अचूक उत्तर पाठवणाऱ्यांची नावे छापण्याची पद्धत वृत्तपत्रांत फार जुनी आहे, आणि आपले नाव छापून आलेला अंक जपून ठेवणारी माणसे घरोघर सापडतात. त्या शाईला फारसा खर्च येत नाही. दुसरा आक्षेप असा की, उत्तरे आता यंत्राला विचारून क्षणात मिळतात. मग डोके का शिणवायचे? हा आक्षेप कोड्याचा हेतू उत्तर मिळवणे हा आहे असे धरून चालतो. घाटावर मोटार जाते म्हणून कोणी पायी गड चढण्याचे सोडलेले नाही. कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो असा दावाही काही उत्साही मंडळी करतात. त्याला छातीठोक पुरावा नाही आणि कोड्याला त्या शिफारसपत्राची गरजही नाही.

थोडक्यात होण्याजोगे

यासाठी शासनाचे अनुदान नको आणि समितीही नको. वर्तमानपत्रांनी दोन गोष्टी कराव्यात. लेखाखाली लेखकाचे नाव असते तसे कोड्याखाली रचनाकाराचे नाव छापावे, आणि बक्षिसासाठी ठेवलेली रक्कम त्याच्या मानधनात वाढवावी. चांगले मराठी कोडे रचणे हे कष्टाचे आणि विद्वत्तेचे काम आहे. कष्ट रचनाकाराने करायचे आणि पैसे नशीबवान वाचकाला मिळायचे, हा हिशेब उफराटा आहे. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी आठवड्याचे एक मोठे कोडे फळ्यावर चिकटवावे आणि शेजारी खडू व कोश ठेवावा. येणाऱ्या-जाणाऱ्याने सुटेल तेवढे सोडवावे, बाकीचे पुढच्यासाठी सोडावे. मुलांनी घरच्या आजीला विचारून शब्द आणावेत. त्या निमित्ताने दोन पिढ्यांत चार वाक्ये अधिक बोलली जातील.

आणि ज्या कचेरीत, ज्या डब्यात, ज्या शिक्षककक्षात आजही पुरवणी दुमडून मध्ये ठेवली जाते, तिथे एवढेच पथ्य पाळावे की दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही सूचना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती वाचावी. अडलेला शब्द बहुधा त्याच्याकडेच असतो.